बोलून बरं वाटतं, पण वागणं तेच

‘मला कुणालाच “नाही” म्हणता येत नाही. सगळ्यांची कामं अंगावर घेते आणि घरी चिडचिड करते. सहा आठवडे खासगी मानसशास्त्रज्ञांकडे जातेय. बोलून बरं वाटतं, पण दोन दिवसांत पुन्हा तेच. सोडून देऊ का?’

ताई, एवढ्यात सोडू नका. पण आहे तसंच चालूही ठेवू नका.

सेशन जेमतेम ५० मिनिटांचं, आठवडा १६८ तासांचा. सवय मोडते ती बाहेरच्या तासांत. तुम्ही ‘हो’ म्हणता त्या क्षणी समोरचा नाराज होईल ही भीती ओसरते, आणि ती सुटकाच पुढच्या ‘हो’ला खतपाणी घालते. ‘नाही’ म्हटल्यावर खरोखर काय होतं, हे मनाला कधी पाहायलाच मिळत नाही.

पुढच्या भेटीत सुरुवातीलाच सांगा, ‘इथे बरं वाटतं, बाहेर काही बदलत नाही.’ निघताना दारात नको, तेव्हा वेळ संपलेली असते. हे बोलणं जड जाईल, त्यांना वाईट वाटेल असं वाटेल. तुमचा प्रश्न नेमका हाच आहे, म्हणून पहिला सराव तिथेच करा. चांगला मानसशास्त्रज्ञ हे ऐकून दुखावत नाही, तुमच्यासोबत आखणी बदलतो.

मग ध्येय मोजता येईल असं ठरवा. ‘आत्मविश्वास वाढावा’ हे हाताला लागत नाही. ‘आठवड्यातून दोनदा लगेच हो न म्हणता “संध्याकाळी सांगते” म्हणेन’ हे लागतं. आधी वहीत लिहा: काय होईल असं वाटतं, भीती ० ते १०० मध्ये किती. नंतर लिहा, प्रत्यक्षात काय झालं. ते पान सेशनला न्या. सुरुवात सोप्या माणसापासून करा. सर्वांत कठीण माणूस आधी निवडला की हमखास फसतं. आणखी एक चूक फार जणांची होते: नकारासोबत चार कारणं आणि माफी जोडायची. मग मन म्हणतं, माफी मागितली म्हणून निभावलं, आणि भीती जागची हलत नाही. सुरुवातीला अपराधी वाटेलच. त्यावरून चुकलं असं समजू नका.

अशा ठरीव पद्धतीच्या थेरपीला साधारण १२ ते २० सेशन लागतात. स्पष्ट सांगूनही पुढच्या तीन-चार भेटींत ध्येय ठरलं नाही, सराव मिळाला नाही, तर खुशाल दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा. मात्र झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. आणि जगणं नकोसं वाटू लागलं, तर पुढच्या सेशनची वाट न पाहता त्याच दिवशी.