मेक्सिकोचा वारसा पाहायचा असेल तर मुक्काम कानकुनला नको

आपला प्रश्न नीट वाचला. पुण्याहून आलेले सत्तरीच्या आसपासचे आई-वडील, डॅलसहून प्रस्थान, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा धरून दहा-अकरा दिवस, शाकाहारी जेवण, आणि आवड समुद्रकिनाऱ्याची नसून इतिहासाची व लोकजीवनाची. असे असूनही आपण मुक्काम समुद्रकिनाऱ्यावरच्या कानकुनला ठेवून तेथून एका दिवसात चिचेन इत्सा हे प्राचीन माया नगर पाहून येण्याचा बेत केला आहे. चिचेन इत्सा पाहण्याजोगेच आहे, यात वाद नाही. परंतु कानकुनहून ते सुमारे २०० किलोमीटर दूर असल्यामुळे बहुतेक मंडळी ऐन दुपारी, रणरणत्या उन्हात तेथे पोहोचतात, आणि मुख्य पिरॅमिडवर चढण्यास बंदी असल्याने खालूनच छायाचित्रे काढून परत फिरतात. माया संस्कृतीसाठी युकातान या द्वीपकल्पाची स्वतंत्र सहल करावी. या खेपेस राजधानी मेक्सिको सिटी आणि दक्षिणेकडील वाहाका ही दोनच ठिकाणे घ्यावीत, असे माझे मत आहे.

या दोन ठिकाणांतही क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक प्रवासी विमानातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी शहराबाहेरील तेओतिवाकान या प्राचीन नगराचे पिरॅमिड गाठतात आणि ‘मोठे आहेत’ यापलीकडे फारसे काही हाती न लागता परततात. त्याऐवजी सुरुवात सोकालोपासून, म्हणजे शहराच्या मुख्य चौकापासून करावी. १३२५ साली वसलेली आणि १५२१ साली स्पॅनिश सैन्याच्या व त्यांच्या स्थानिक मित्रांच्या हाती पडलेली तेनोच्तितलान ही आस्तेकांची राजधानी या चौकाच्या खालीच आहे. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी वीज कंपनीच्या कामगारांना येथे खोदताना एका कोरीव शिळेचा भाग लागला. सुमारे सव्वातीन मीटर व्यासाची ही शिळा कोयोल्शाउकी देवीची निघाली. त्यानंतर एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली मोठे उत्खनन होऊन तेम्प्लो मायोर हे जोडमंदिर उजेडात आले. त्याचा एक भाग युद्धदेव उइत्सिलोपोच्त्लीचा आणि दुसरा पर्जन्यदेव त्लालोकचा.

तेथील संग्रहालयात ही शिळा वरच्या मजल्यावरूनही पाहता येते, आणि ती वरूनच पाहावी. देवीचे मस्तक, हात आणि पाय धडापासून वेगळे झालेले आहेत, सांध्यांपाशी हाडांची टोके दिसतात, कमरेला सर्पाचा पट्टा आहे. भाऊ उइत्सिलोपोच्त्लीने तिचा वध करून तिला पर्वतावरून खाली लोटले, अशी कथा आहे. आणि शिळा नेमकी त्याच्या मंदिराच्या पायऱ्यांच्या तळाशी बसवलेली होती. बळी दिलेल्यांची शरीरे त्याच पायऱ्यांवरून खाली येत असत, हे कळले म्हणजे त्या जागेची मांडणी उलगडते आणि अंगावर काटाही येतो.

दुसरा पूर्ण दिवस चापुल्तेपेक उद्यानातील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयास द्यावा. पेद्रो रामिरेस वास्केस यांनी रचलेली ही वास्तू १९६४ साली खुली झाली. सर्व दालने एका दिवसात पाहण्याचा अट्टाहास करू नये. तेओतिवाकान, मेशिका (म्हणजे आस्तेक) आणि वाहाका ही तीन दालने सावकाश पाहावीत, मधल्या अंगणात आई-वडिलांना विसावा द्यावा, आणि वरच्या मजल्यावरील आजच्या आदिवासी समाजांच्या दालनांपैकी जमेल तेवढे पाहावे. सुमारे २४ टन वजनाची सूर्यशिळा मेशिका दालनात आहे. संग्रहालय सोमवारी बंद असते, आणि रविवारी स्थानिकांना प्रवेश विनामूल्य असल्याने गर्दी उसळते. म्हणून मंगळवार ते शुक्रवारमधील दिवस निवडावा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर असल्यामुळे पहिले दोन दिवस ज्येष्ठांना थोडे चालले तरी धाप लागू शकते. तेओतिवाकान तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. तोवर हे नगर आस्तेकांनी बांधलेले नसून त्यांच्या आधी कित्येक शतके ओस पडलेले होते, हे संग्रहालयात समजलेले असते, आणि सूर्याच्या पिरॅमिडकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तेथे सावली जवळजवळ नाही. सकाळी दार उघडताच आत शिरावे.

मराठी माणसाने पाहावेच असे एक ठिकाण प्रवासी पुस्तिकांत सहसा नसते. सोकालोपासून चालत जाण्याच्या अंतरावर शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने १९२० च्या दशकात तिच्या भिंती चित्रांनी भरून काढल्या, आणि २०२४ पासून ती भित्तिचित्रांचे संग्रहालय म्हणून खुली आहे. वरच्या मजल्यावरील एका चित्रात जेवणाच्या मेजावर मध्यभागी बसून भाकरी वाटून देणारा पुरुष दिसतो. ते वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे असल्याचे मानले जाते. गदर चळवळीतील हे क्रांतिकारक १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारल्या. चापिंगोत २०२२ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला असून तेथील प्रार्थनागृहाच्या भिंती व छतही रिवेरानेच रंगवले आहेत. एखादी सकाळ मोकळी असेल तर टॅक्सीने जाऊन यावे.

चित्रकार फ्रीदा कालोच्या निळ्या घराची, म्हणजे तिच्या संग्रहालयाची, तिकिटे बरीच आधी संपतात. इच्छा असल्यास आजच काढावीत. सोचिमिल्कोच्या कालव्यांतील रंगीत होड्यांवर शनिवार-रविवारी वाद्यांचा आणि मद्याचा कल्लोळ असतो. तरंगत्या वाटणाऱ्या तेथील शेतांची, चिनाम्पांची, पद्धत समजून घ्यायची असेल तर आठवड्यातील इतर दिवशी पहाटे जावे.

त्यानंतर वाहाका. बसने सहा-सात तास लागतात. आई-वडील सोबत असल्यामुळे विमान घ्यावे. आपल्या तारखा ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या मृतांच्या सणाला धरून आहेत, ही उत्तम गोष्ट आहे, मात्र त्या दिवसांतील खोल्या कित्येक महिने आधी भरतात. राजधानीतील या सणाची भव्य मिरवणूक २०१६ साली, एका इंग्रजी चित्रपटातील दृश्यावरून, सुरू झाली. ती टाळली तरी काही बिघडत नाही. वाहाकात मात्र घरोघरी वेदी मांडतात, तिच्यावर गेलेल्यांची छायाचित्रे, त्यांच्या आवडीचे पदार्थ, खास पाव आणि कोपाल धूप असतो, आणि सगळीकडे झेंडू. आपण दसऱ्याला ज्याचे तोरण बांधतो ते फूल मूळचे याच देशातले आहे. रस्त्यांवर रंगीत वाळूची चित्रे काढतात, ती पाहून आपल्या आईंना रांगोळीची आठवण होईल. रात्री कब्रस्तानात कुटुंबे कबरींपाशी बसून असतात. तेथे जाण्यास मनाई नसते, पण कोणाच्याही तोंडावर कॅमेरा धरू नये, आधी विचारावे.

मोन्ते आल्बान हे डोंगरमाथा सपाट करून वसवलेले सापोतेकांचे नगर सकाळी पाहावे आणि त्याच दिवशी सान्तो दोमिंगो मठातील संग्रहालयात जावे, कारण १९३२ साली पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना मोन्ते आल्बानच्या सातव्या क्रमांकाच्या थडग्यात सापडलेले सोन्याचे व पिरोजा खड्यांचे ऐवज या संग्रहालयात ठेवलेले आहेत. मित्ला या प्राचीन स्थळाच्या भिंतींवर कापलेल्या दगडांची चुन्याशिवाय बसवलेली नक्षी आहे. अर्धा दिवस पुरे.

तेओतित्लान देल वाये या विणकरांच्या गावी मात्र घाई करू नये. निवडुंगावर वाढणारा कोचिनील किडा वाळल्यावर राखाडी खड्यासारखा दिसतो. विणकर तो तळहातावर चुरडतात तेव्हा गडद लाल रंग पसरतो. त्यावर लिंबू पिळले की तो केशरी होतो, आणि खाण्याचा सोडा टाकला की जांभळ्याकडे झुकतो. हा रंग वसाहतकाळात युरोपात चांदीच्या खालोखाल मोलाची निर्यात होता. गालिचा घ्यायचा असल्यास असा रंग करून दाखवणाऱ्या घरातूनच घ्यावा, आणि घासाघीस फार ताणू नये. एकेका गालिच्यामागे कित्येक आठवड्यांचे काम असते. रविवार असेल तर जवळच्या त्लाकोलुलाच्या बाजारात मका आणि काकाओपासून केलेले, हाताने घुसळून फेस आणलेले तेहाते अवश्य प्यावे.

जेवणाचे हाल होणार नाहीत, फक्त विचारून खावे. घेवड्याची उसळ बहुधा डुकराच्या चरबीत परततात, आणि मोले रस्सा कोंबडी उकडलेल्या पाण्यात शिजवतात. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेली पोळी), निवडुंगाची भाजी आणि चुन्याच्या पाण्यात उकडलेल्या मक्याची ताजी तोर्तिया, म्हणजे पातळ पोळी, यांवर शाकाहारी माणसाचे उत्तम भागते.

शेवटी कागदपत्रे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा मुदतीतील व्हिसा किंवा हाती ग्रीन कार्ड असल्यास पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे आई-वडिलांची अडचण नाही. आपला स्वतःचा पासपोर्टवरील व्हिसा मात्र तपासावा. त्याची मुदत संपलेली असून हाती केवळ मुदतवाढीचे मंजुरीपत्र असेल, तर ही सवलत मिळेल असे धरून तिकिटे काढू नयेत, आधी मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासाकडून खात्री करून घ्यावी.