गावच्या टेकाडात जुनी भट्टी दिसतेय, रस्त्यात जाणार आहे, उचलून ठेवता येईल का?

अख्खी उचलणं बहुतेक जमत नाही. भट्टीची आतली बाजू भाजून विटेसारखी कडक झालेली असते आणि दोन-चार बोटं मागे गेलं की कच्ची माती, त्यामुळे उचलायला गेलं की थर सुटतात नि हातात ढेकळं येतात. पण भिंत गेली तरी बाकी पुष्कळ वाचवता येतं, फक्त आधी काय घ्यायचं ते माहीत हवं.

मी पुरातत्त्व शिकत होतो तेव्हा नदीकाठच्या एका पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) अशीच भट्टी खणली, शेतात माती टाकायला लोकांनी निम्मं टेकाड आधीच नेलं होतं. तिथे कळलं की पहिली गोष्ट म्हणजे दिशा. मातीतले लोहाचे कण साधारण ६०० डिग्रीच्या वर तापून थंड झाले की त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा त्यांच्यात बसते, म्हणजे भट्टी शेवटची कधी विझली याचा अंदाज त्यावरून काढता येतो. पण त्यासाठी ढेकूळ जागेवर असतानाच वर प्लास्टर ओतायचं, पाणसळ लावून ते सपाट करायचं, त्यावर उत्तरेची रेघ मारायची आणि मगच खालून कापायचं. मी घाईत एक ढेकूळ रेघ न मारता काढलं, ते त्या कामासाठी वायाच गेलं, परत जागेवर ठेवून उपयोग नसतो. अजून रुखरुख लागते.

दुसरं म्हणजे राख आणि शेजारचा कचरा. वाकडी झालेली, फुगलेली, एकमेकांना चिकटलेली खापरं मिळाली तर ती कुंभाराची भट्टी म्हणता येते, नाहीतर नुसतं गोल भाजलेलं काय, मोठी चूलही असू शकते. राखेतल्या कोळशावरून काळ कळतो, जळण लाकडाचं होतं की शेणाचं तेही बरेचदा कळतं.

सीरियात युफ्रेटिसवर तिश्रीन धरण होणार म्हणून टोकियो युनिव्हर्सिटीच्या टीमने १९९४ ते १९९७ मध्ये तेल कोसाक शमाली हे टेकाड खणलं, तिथे साधारण ७,००० वर्षांपूर्वीच्या भट्ट्या मिळाल्या आणि सोबत भांडी घडवायची अवजारं पण, म्हणून कुंभार काम कसं करायचे ते समजलं. नुसत्या भट्ट्या उचलून नेल्या असत्या तर हे कुठून कळणार होतं? आपल्याकडे घोड नदीवरच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ एवढी वर्षं खणलं, तिथेही कुंभाराची भट्टी मिळाली. तिथलं साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं जोर्वे प्रकारचं खापर टिचकी मारली की खणखणीत वाजतं, एवढं पक्कं भाजलेलं असतं.

तर तुम्ही आत्ता तिथलं काही साफ करू नका, राख तर अजिबात नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, वरून ताडपत्री टाका आणि तहसीलला आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा, अर्जाची पोच घ्या, जेसीबी यायच्या आत.