या वयात आंबा लावावा का? लावा, पण आधी खड्डा काढा

तुम्ही विचारलंय की वय ६२, गावाकडचं अंगणाचं घर सोडून शहरात रो हाऊसला आलो, मागं २० बाय १५ फूट जागा आहे, लवकर येणारी अन् कमी मेहनतीची झाडं सांगा, आंबा लावायची लई इच्छा आहे पण घरचे म्हणतात या वयात कशाला. लवकर येणारी झाडं तुम्हाला कुणीपण सांगेल. ते शेवटचं वाक्य वाचलं अन् मी भाजी निवडायची ठेवून लिहायला बसले, कारण हेच वाक्य मला माझ्या दिरांनी माझ्याच ओट्यावर बसून ऐकवलंय.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, २०१६ ला रिटायर झाले. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेच वर्ष. औशाला आमचं २६ वर्षांचं घर होतं, मागं कढीपत्ता, लिंबू, सीताफळ, प्राजक्त अन् एक मोगरा. यांची बायपास झाली, दवाखाना जवळ पाहिजे म्हणून घर विकून २०१७ च्या पाडव्याला लातूरला आलो. विकायचं ठरलं त्याच पावसाळ्यात मी मोगऱ्याची एक फांदी वाकवून मातीत दाबली, वर वीट ठेवली, दोन महिन्यांत मुळं धरली. कढीपत्त्याच्या मुळाला फुटलेलं एक रोप मातीसकट काढलं (कढीपत्ता फांदीनं सहसा लागत नाही, मुळाच्या फुटव्यानं घ्या). दोन्ही तेलाच्या १५ किलोच्या डब्यांत. टेम्पोत कपाट गेलं, दिवाण गेला, हे दोन डबे मात्र मी अन् यांनी मांडीवर धरून आणले.

इथं मागं काळी माती पसरलेली होती, दिसायला एकदम झकास. मृगाचा पाऊस पडला अन् मी धीर न धरता एकदम सगळं लावलं, १४ रोपं. आंब्याचं कलम, लिंबू, डाळिंब, जास्वंद, माझा मोगरा, कढीपत्ता. श्रावणापर्यंत बरं चाललं. मग पानं पिवळी पडायला लागली, शिरा हिरव्या अन् मधलं सगळं पिवळं, नवीन पालवी तर पांढुरकी यायची. मी पाणी वाढवलं, शेणखत टाकलं, कुणी म्हणलं युरिया टाका, तोही टाकला. दिवाळीपर्यंत १२ रोपं गेली. मोगरा गेला. औशाला नवीन मालकाला फोन केला की एक फांदी न्यायला येते, तर ते म्हणाले ताई, तिथं आता गाडीसाठी फरशी केली.

त्या दिवाळीला धाकटे दीर आले. वाळलेल्या काड्या बघितल्या अन् म्हणाले, "वहिनी, मी म्हणलं नव्हतं का? जिथं रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं कसली बाग? अन् आंबा कामून लावायलात, पाच वर्षांनी कोण खाणार? पेव्हर ब्लॉक टाका, दोन खुर्च्या टाका, बसा निवांत." अन् आमच्या यांनीही मान हलवली. मी आत जाऊन चहाची भांडी घासत बसले.

आता हे दीर कोण, तर ज्यांच्या आईनं ६४ व्या वर्षी आंब्याची कोय लावली त्यांचा मुलगा. आमचं मूळ गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंप झाला अन् दगडामातीचं गावच्या गाव बसलं. ५२ गावं नवीन जागेवर वसवली, त्यात आमचंही. सासूबाईंनी आधी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, मग १९९६ ला नवीन गावठाणात घर मिळालं. शेतीप्रमाणं घरं दिली होती, २५०, ४५० अन् ७५० चौरस फुटांची. रस्ते सरळ अन् रुंद, पण सावलीला एक झाड नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मे महिना होता, दुपारी बाया घराच्या भिंतीच्या सावलीसोबत बाज सरकवत बसायच्या.

सासूबाईंनी त्याच जूनमध्ये शेतातल्या बांधावरच्या शेप्या आंब्याच्या चार कोया आणून ओल्या असतानाच लावल्या. दोन उगवल्या, एक शेळीनं खाल्ली, राहिलेल्या रोपाला त्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. रोज संध्याकाळी त्या रोपाच्या बुडाशीच हातपाय धुवायच्या, वेगळं पाणी कधी घातलं नाही. लोक त्यांनाही तेच म्हणायचे, म्हातारे, कुणासाठी? २००५ ला पहिला पाड आला, तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या. बांधावरच्या झाडापेक्षा जरा आंबट निघाला, कोयीचं झाड सहसा हुबेहूब आईसारखं येत नाही, पण शेपेचा वास तोच. त्यानंतर २०१३ पर्यंत त्यांनी दरवर्षी त्या झाडाचा रस खाल्ला. अन् त्याच झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं आजपण दिरांच्या घरी बरणीत असतं. कैऱ्यांचं पोतं ते स्वतः मला आणून देतात. मग मला कसं म्हणतात पाच वर्षांनी कोण खाणार?

तर मी पेव्हर ब्लॉक टाकू दिले नाहीत. पुढच्या एप्रिलात एक मजूर लावला अन् मेलेल्या आंब्याच्याच जागेवर तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा काढायला लावला. सहा इंच काळी माती गेली अन् पहारीचा आवाजच बदलला. खाली विटांचे तुकडे, फरशीचे तुकडे, गोठलेल्या सिमेंटची ढेकळं, रंगाच्या डब्याचं झाकण. एक सिमेंटची गोणी तर आतल्या आत दगड होऊन बसली होती, ती दोघांनी मिळून वर काढली. बिल्डरनं सगळा राडारोडा तिथंच पुरून वर मातीची गोधडी टाकली होती. तेव्हा कळलं पानं कामून पिवळी पडली. आपली काळी माती आधीच चुनखडीची, त्यात सिमेंट-चुना मिसळला की जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. त्यात मी वरून बोअरचं जड पाणी ओतत होते. वयाचा काय संबंध होता त्यात? पंचवीस वर्षांच्या पोरानं लावलं असतं तरी ती झाडं मेलीच असती. दिरांनी कधी खड्ड्यात वाकून बघितलं नाही.

खड्डा महिनाभर उन्हात तापू दिला. मग शेतातली माती, चार घमेली कुजलेलं शेणखत, दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट, असं भरलं. जून २०१८ ला पाऊस मुरल्यावर केशरचं कलम लावलं. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवला, प्लास्टिकची पट्टी नंतर आठवणीनं कापली, जोडाच्या खालून फुटवे आले की मोडत राहिले. पहिली दोन वर्षं मोहोर आला तो हातानं खुडला. हे करताना जिवावर येतं पण खुडाच, झाडाला अंग धरू द्या. २०२२ ला २३ आंबे आले. दीर आले होते, फोड खाल्ली अन् म्हणाले गोड आहे. मी तेव्हापण काही बोलले नाही, आज इथं बोलतेय.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा. पहिले दोन उन्हाळे आंब्याला आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी दिलं, बुडाशी मातीचं मडकं पुरलं, तळाला छिद्र पाडून त्यात सुताची वात, अन् आळ्यात सोयाबीनचं भुसकट हातभर थर. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं देऊ नका. आरओचं फेकायचं पाणी तर अजिबात नको, त्यात सगळे क्षार असतात. पावसाळ्यात छताचा एक पाइप मी सरळ बागेकडं वळवलाय, जास्त झालं तर काळ्या मातीत पाणी तुंबतं म्हणून आळ्याला उतार ठेवलाय.

तुमचा प्रश्न लवकर येणाऱ्यांचा होता. शेवगा लावा, सहा-आठ महिन्यांत शेंगा, फक्त भिंतीपासून लांब, त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात मोडतं. पपई वर्षभरात येते. कढीपत्ता, अळू, गवती चहा सहजासहजी मरत नाहीत. कागदी लिंबू तीन-चार वर्षांनी. सीताफळ तर आपल्या भागातलंच, खडकाळ जमिनीत अन् कमी पाण्यात येतं, अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राची धारूर-६ जात मिळाली तर बघा. "कमी मेहनतीचं" हा शब्द मात्र मला पटला नाही. रोज सकाळी खुरपं घेऊन अर्धा तास गेलं नाही तर ती बाग तुमची कशी?

एक-दोन गोष्टी राहिल्या. २० बाय १५ मध्ये आंबा एकच, भिंतीपासून अन् सेप्टिक टँकपासून जमेल तेवढा लांब, अन् दरवर्षी आंबे उतरले की छाटून बुटका ठेवा, नाहीतर दहा वर्षांत खाली ऊनच राहणार नाही, मग मोगऱ्याला कळ्या येत नाहीत. घर भाड्याचं असेल तर हे सगळं सोडा, कुंड्याच बऱ्या. कंबर, गुडघे किंवा हृदयाचं काही असेल तर स्वतः खड्डा काढू नका, आमच्या यांना मी टिकाव हातात घेऊ देत नाही. सगळ्याच बिल्डरच्या जागेत राडारोडा असतो असंही नाही, तुमच्याकडं खाली चांगला मुरूम लागला तर तुम्ही नशीबवान. अन् माझे दीर वाईट माणूस नाहीत, यांच्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्याच्या बाकावर तेच बसले होते.

आता फाल्गुन सरत आलाय. रोपं अजून आणू नका. जिथं आंबा लावायचा मनात आहे तिथं या आठवड्यात एक माणूस लावून तीन फूट खणून घ्या, अन् खालून काय निघालं ते मला इथं लिहून कळवा, मग पुढचं सांगते.