ग्लासातल्या दोऱ्या आणि रात्रीची तहान

मावशी,
माझं वय ३९. दीड वर्षापासून अंगावरून पांढरं जातंय, तिथे खाजही सुटते. केमिस्टकडची ट्यूब लावली की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. ऑनलाइन एका ‘कोच’नी सांगितलं की अंगात यीस्ट वाढलंय. तेव्हापासून साखर, गहू, फळं, दही, इडली सगळं बंद. यीस्ट आहे का ते बघायला रोज सकाळी पाण्याच्या ग्लासात थुंकते, दोऱ्या लोंबलेल्या दिसतात. तीन महिन्यांत ७ किलो उतरले. तोंडाला कोरड पडते, रात्री तीनदा लघवीला उठते, दिवसभर गळून जाते. कोच म्हणतात, विष बाहेर पडतंय. नवरा म्हणतो, खूळ आहे. आईला मधुमेह आहे, म्हणजे गोड सोडलं ते बरंच झालं ना?
– कंटाळलेली

कंटाळलेली,
तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दात घासायच्या आधी मीही ग्लासात थुंकले. यांनाही थुंकायला लावलं (कुरकुर करत का होईना, थुंकले). तासाभरात दोन्ही ग्लासांत दोऱ्या! आम्हा दोघांना काहीही झालेलं नाही. लाळ चिकट असते, पाण्यात तिच्या तारा सुटतात आणि हळूहळू खाली बसतात. तो ग्लास आजपासून चहाच्या पाण्याला वापर.

आता मुद्द्याचं. कोरड, रात्रीची लघवी, उतरलेलं वजन, गळाठा, जाता न जाणारी खाज आणि घरात आईला मधुमेह. मी डॉक्टर नाही, पण हे सगळं एका ओळीत लिहिलं तर मला विष दिसत नाही, साखर दिसते. रक्तातली साखर वाढली की ती लघवीत उतरते आणि त्या जागी कँडिडाचं, म्हणजे तुझ्या त्या यीस्ट नावाच्या बुरशीचं, आयतंच फावतं. गोड सोडलं तरी साखर वाढलेली असू शकते. त्यामुळे उद्या सकाळी काही न खाता लॅबमध्ये जा. उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), तिन्ही तपासण्या कर. उपाशीपोटी १२६ किंवा त्यावर, नाहीतर एचबीए१सी ६.५ किंवा त्यावर आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. उलट्या, पोटात दुखणं किंवा धाप सुरू झाली, तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना.

यीस्ट खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते तोंडात, आतड्यात, योनीत आपल्या सगळ्यांच्याच असतं. अँटिबायोटिक्सनंतर, गरोदरपणात, साखर वाढल्यावर ते माजतं. पण पावाचं यीस्ट वेगळं, आणि ते भट्टीत मरतं. इडलीचं पीठ तर मुख्यतः बॅक्टेरियांनी आंबतं. त्या बिचारीला का शिक्षा? दही खा, तिथे लावू मात्र नकोस. थकवा, उदासी हे सगळं यीस्टमुळेच, ही समजूतही जुनी आहे. अशा तक्रारी असलेल्या ४२ बायकांना नायस्टॅटिन हे बुरशीचं औषध आणि खोट्या गोळ्या आलटूनपालटून देऊन बघितलं, त्याचा निष्कर्ष १९९० साली छापून आला. तिथल्या त्रासाला औषधाने जास्त आराम पडला. थकव्याला आणि उदासीला मात्र दोन्हींचा गुण सारखाच.

ती ट्यूबही बंद कर. केमिस्टकडच्या पुष्कळ ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. खाज दबते, बुरशी तशीच राहते. तुझे ‘चार दिवस बरे’ त्यातलेच असावेत. शिवाय पांढरं जाणं म्हणजे दर वेळी यीस्टच असतं असं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ तिथला स्राव तपासून सांगतील. दिवस गेल्याची शंका असेल तर बुरशीची गोळी घेण्याआधी ते सांग. वर्षात तीन-चारदा यीस्टचा त्रास होत असेल तर औषध काही महिने घ्यावं लागतं.

रिपोर्ट येईपर्यंत पूर्वीसारखं साधं जेव. भाकरी, वरण, भाजी, ताक, एखादं फळ. साखर खरंच जास्त निघाली तर पथ्य असेलच, पण ते डॉक्टर ठरवतील, आणि त्यात भाकरीही असेल.

नवऱ्याला लॅबमध्ये बरोबर ने. खूळ आहे की नाही ते त्यालाही कागदावर दिसू दे. आणि डॉक्टरांसमोर ‘तिथली खाज’ हे शब्द तोंडातून फुटले नाहीत, तर मला लिहिलेलं पत्र त्यांच्यापुढे सरकव. सगळं नीट लिहिलंयस त्यात.
– मावशी