बेंच प्रेस ५० किलोवर अडकली आहे, खांदा दुखतो आणि वजनही वाढत नाही. काय करू?

भावा, तू लिहिलंयस त्यावरून चित्र असं दिसतंय: वजन ५८ किलो, शाकाहारी, दर सोमवारी छाती, बेंच प्रेस (म्हणजे बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं) ५० च्या पुढे हलत नाही, उजवा खांदा पुढून दुखतो आणि ट्रेनर म्हणतो मास गेनर, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरचा डबा, घे. डब्याचं नंतर बघू, आधी खांदा, कारण तो गेला तर बाकी सगळंच बंद.

बहुतेक वेळा होतं काय की कोपरं सरळ बाजूला फाकवून रॉड गळ्याकडे उतरवला जातो, सगळा ताण खांद्याच्या पुढच्या भागावर. कोपरं अंगापासून साधारण ४५ ते ६० अंशात ठेव, शोल्डर ब्लेड (पाठीवरची खांद्याची हाडं) मागे ओढून बेंचला दाबून धर, रॉड छातीच्या खालच्या भागाला टेकव. तोवर दुखतंय तर रॉड सोड आणि तळवे समोरासमोर ठेवून डंबेल प्रेस कर, हलक्या वजनाने. आणि जेवढे सेट छातीचे तेवढे तरी रोइंगचे, म्हणजे वजन अंगाकडे ओढायच्या पाठीच्या व्यायामाचे, पाठ आरशात दिसत नाही म्हणून कोणी करत नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात वर नेताना अडकत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र सरळ ऑर्थोपेडिक डॉक्टर नाहीतर फिजिओ, ट्रेनरकडून खांदा मोडून वगैरे घेऊ नकोस.

आता ५० किलो. बऱ्याच जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची, म्हणजे दोन्ही बाजूला लावली की थेट ५५, एका झटक्यात १० टक्के वाढ, ती कुणालाही जड जाणारच. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतः विकत घे, बॅगेत ठेव, कोण हसलं तर हसू दे. ५० वर आधी ५ रेपचे तीन सेट (एकदा खाली-वर म्हणजे एक रेप, न थांबता केलेले रेप म्हणजे एक सेट), मग हळूहळू तिन्ही सेटमध्ये ८ रेप निघायला लागले की ५२.५. वहीत लिहून ठेवायचं, आणि पार्टनर वरून "तुझंच आहे, तुझंच आहे" ओरडत जे शेवटचे दोन रेप ओढतो ते त्याच्या खात्यात, तुझ्या नाही. प्रत्येक सेट असा मरेपर्यंत मारायचाही नाही, एक-दोन रेप शिल्लक ठेवायचे, दोन सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं बसायचं. आणि सोमवारी सगळं गाव छाती मारतं, बेंच रिकामी मिळत नाही, त्यापेक्षा तेच सेट मंगळवार-शुक्रवार असे वाटून घे, आठवड्यातून दोनदा छाती झाली की प्रॅक्टिस पण होते आणि शेवटचे सेट मेलेले जात नाहीत.

पण खरं घोडं अडलंय ते खाण्यात. वजनाच्या दर किलोला १.६ ग्रॅम प्रोटीन धर, तुझं होतं ९० च्या वर. पोहे, डाळ-भात, सात-आठ पोळ्या, कपभर दूध यात ५० च्या आसपासच भरतं, वरण पातळ असेल तर त्याहून कमी. ५० ग्रॅम सुके सोया चंक्स म्हणजे २५ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर म्हणजे साधारण १८, झालं की काम. सोयाचा वास आवडत नसेल तर उकळून घट्ट पिळ आणि रश्श्यात टाक, आईला फक्त एवढंच सांग की मटणाच्या मसाल्यात कर. घरी अंडी चालत असतील तर एकात ६ ग्रॅम, विषयच संपला. तालमीतले पैलवान खुराकावर एवढा जीव का टाकतात ते कळेल तुला.

मास गेनरमध्ये बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे महागडं पीठच, डब्यामागचं लेबल वाच. त्याऐवजी दूध, दोन केळी, मूठभर शेंगदाण्याचं कूट आणि फुटाण्याचं पीठ मिक्सरला फिरव, ५०० च्या वर कॅलरी सहज होतात. पैसे उरलेच तर क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घेतात ती पावडर), रोज ३ ते ५ ग्रॅम, फ्लेवर नसलेलं साधं. सुरुवातीला किलोभर वजन वाढेल ते पाणी असतं, लगेच स्टेटस टाकू नकोस. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचार. वजन दर रविवारी सकाळी रिकाम्या पोटी कर, आठवड्याला पाव किलो वाढत असेल तर ठीक चाललंय, दोन-तीन आठवडे काटा हललाच नाही तर रोजच्या खाण्यात एक केळं आणि एक ग्लास दूध वाढव.