वाचकांचे प्रश्न : तलावावरची मंडई, बांधीतला सारस आणि बेशरमाची झुडपे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतील मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या गावांतून आली आहेत. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचे गाव नवेगाव बांधच्या परिसरात असून गावाला मोठा तलाव आहे. यंदा दिवाळीनंतरच्या मंडईला (गावच्या जत्रेला) जोडून तलावाच्या पाळीवर (बांधावर) पक्षी महोत्सव घ्यावा, असा विचार ग्रामपंचायतीत चालला आहे. दिवसा पक्षिदर्शन आणि नौकाविहार, रात्री दंडार (लोकनाट्य) आणि नाटक अशी आखणी आहे. गावातील काही तरुणांचे म्हणणे असे की, यामुळे आलेले पक्षी उठून जातील. त्यांचे म्हणणे खरे मानावे काय?
— ग्रामपंचायत सदस्य, अर्जुनी मोरगाव तालुका

उत्तर : तरुणांची शंका रास्त आहे. तेवढ्यासाठी महोत्सव रद्द करण्याचे कारण नाही, परंतु त्याची जागा आणि वेळ मात्र बदलावी लागेल. मंडईचे दिवस आणि स्थलांतरित पक्षी उतरण्याचे दिवस आपल्याकडे नेमके एकच असतात. पट्टकदंब हंस, तलवार बदक, मोठी लालसरी हे पाहुणे हिमालय ओलांडून ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येऊ लागतात, तेव्हा प्रवासात त्यांच्या अंगावरची चरबी झडलेली असते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत निघण्यापूर्वी ती त्यांना येथेच भरून काढायची असते. रात्री पक्षी झोपलेले असतात, मग दिव्यांचा आणि आवाजाचा त्यांना काय त्रास, असे पुष्कळांना वाटते. पण बदकांच्या अनेक जाती दिवसा मोकळ्या पाण्यावर विसावतात आणि अंधार पडला की उथळ पाण्यात व धानाच्या बांध्यांत (बांध घातलेल्या शेतांत) चरायला निघतात. म्हणजे दिवसा बोट फिरली की त्यांची विश्रांती मोडते आणि रात्री पाळीवर झोतदिवे लागले की त्यांचे पोट उपाशी राहते. थवा एकदा उठून पुन्हा बसला की काही बिघडले नाही, असे काठावरून दिसते खरे, परंतु अशा प्रत्येक उड्डाणात त्याने साठवलेली शक्ती खर्च होत असते.

म्हणून नाटक आणि दंडार गावातच, पाळीपासून शक्य तितक्या दूरच्या मैदानावर ठेवावी आणि ध्वनिक्षेपकांची तोंडे तलावाकडे नसावीत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आपल्या झाडीपट्टीचे (पूर्व विदर्भाचे) नाटक पहाटेपर्यंत चालते, ही आपली जुनी रीत आहे आणि ती मोडावी असे मी म्हणणार नाही, मात्र ध्वनिक्षेपकाची वेळ नियमातच राहावी. पण त्या आवाजाच्या टप्प्यात तलाव येऊ नये, एवढी जागा गावात निश्चित सापडते. फटाके आणि ड्रोन मात्र पूर्णपणे टाळावेत. नौकाविहार तर आखणीतून काढूनच टाकावा. पक्षी पाळीवरून, सकाळच्या उन्हात, लहान लहान गटांनी आणि न बोलता पाहिले तर बोटीतून दिसतात त्यापेक्षा अधिक दिसतात, कारण ते जागचे हलत नाहीत.

तारखांचा विचार चालला असेल तर 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह लक्षात घ्यावा. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांची जयंती 5 नोव्हेंबरला आणि पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अली यांची 12 नोव्हेंबरला येते, आणि चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला काढलेली वर्षे आपल्या भागातील जुन्या लोकांना ठाऊक आहेत. माझी एक आग्रहाची सूचना आहे. व्यासपीठावर बाहेरचे पाहुणे बसवण्याआधी गावातील, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांना आणि मासेमारी करणाऱ्या धीवर बांधवांना बोलते करावे. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला आणि पुढे लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देवत्व दिले, ही कथा मुलांनी पाळीवर उभे राहून ऐकली पाहिजे. पाणी कोठून येते, सांडव्यातून कोठे जाते आणि कोणत्या कोपऱ्यात कोणते पक्षी बसतात, हे या मंडळींइतके नेमके कोणीही सांगू शकणार नाही.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या बांधीत सारसाच्या जोडीने घरटे केले. धानाचे नुकसान होईल म्हणून घरातील माणसे नाराज होती आणि बघ्यांची गर्दी झाली ती वेगळीच. यंदा पुन्हा तसे झाले तर आम्ही काय करावे?
— शेतकरी महिला, गोंदिया तालुका

उत्तर : ताई, महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या वैनगंगा-वाघ नद्यांच्या पट्ट्यात उरला आहे, आणि अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या पन्नाशीच्या आतच आढळली आहे. त्यामुळे आपल्या बांधीतील एक घरटे ही साऱ्या राज्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

रोवणी (धानाची लावणी) आटोपून बांधीत पाणी साचले की नर आणि मादी मिळून धानाची व गवताची ताटे उपटतात आणि पाण्यावर उंचवटा दिसेल असा ढीग रचतात. त्यावर बहुधा दोन अंडी असतात आणि दोघेही आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. ढिगाएवढी आणि त्याच्या भोवतालची थोडी जागा, एवढेच धान जाते. पिल्ले अंड्यातून निघाल्यावर एक-दोन दिवसांतच आईबापांच्या मागे चालू लागतात, म्हणून घरट्याचा खरा काळ महिन्या-सव्वा महिन्याचाच असतो. तेवढे दिवस घरट्याच्या आसपास निंदण आणि फवारणी थांबवावी, बांधीतील पाणी एकदम सोडू नये, कारण पाणी उतरले की कुत्री आणि कोल्हे अंड्यांपर्यंत पोहोचतात, आणि पावसाने पाणी फार चढले तर धुऱ्याला (बांधाला) मार्ग करून ते हळूहळू उतरवावे.

गर्दीचे म्हणाल, तर अंडी हाताळणे किंवा घरटे विस्कटणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे बघ्यांना स्पष्टपणे सांगावे. घरटे दिसताच वनरक्षकाला कळवावे किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. घरट्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये, ही विनंती घरातील मुलांनाही करावी. गेलेल्या धानाबद्दल मात्र आपण संकोच न करता वन विभागाशी बोलावे. सारस साऱ्या राज्याचा असेल तर त्याचा भार एका घराने सोसावा, हे मला मान्य नाही.

प्रश्न : आमचा तलाव पाणथळ जागा म्हणून कायद्याने संरक्षित आहे, असे समजावे काय?
— निवृत्त तलाठी, साकोली तालुका

उत्तर : तसे गृहीत धरू नये. 2017 च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, आणि मामा तलाव तर मुळात धानाच्या पाण्यासाठीच बांधले गेले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी (जमीनदारीची पद्धत) संपली आणि तलाव शासनाकडे गेले, तेव्हापासून त्यांची नोंद सिंचनाच्या खात्यात राहिली. ग्रामपंचायतीच्या हातातील उपाय म्हणजे 2002 च्या जैवविविधता कायद्याखालील जैवविविधता व्यवस्थापन समिती. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तलावातील पक्षी, मासे आणि पाणवनस्पती यांची तपशीलवार नोंद करून घ्यावी. अनेक गावांत ही वही कपाटात कोरी पडून आहे, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : पक्षी वाचवा असे सर्वजण सांगतात, पण पाणकावळे आमचे मासे खातात. तलावात बेशरम माजली आहे आणि मासळी दरवर्षी घटते आहे. आमच्या पोटाचा विचार कोणी करतो काय?
— मच्छीमार संस्थेचे सभासद, भंडारा जिल्हा

उत्तर : आपला प्रश्न या पाचांमध्ये मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण धीवर समाजाला वगळून तलाव राखता येणार नाही. पाणकावळे मासे खातात, हे खरेच आहे. मात्र हिवाळ्यात येणारी बहुतेक बदके आणि हंस मुख्यतः वनस्पती व बी खाऊन राहतात, आणि मासळी घटण्याचे मोठे कारण तलावाच्या तळाशी शोधावे लागते. पाण्यातील शेवाळ आणि गवत नाहीसे झाले की माशांना अंडी घालायला आणि पिल्लांना लपायला जागा उरत नाही, आणि त्याच जागी बदकांचा चाराही असतो. गवत्या मासा सोडला की तो ही वनस्पती खाऊन टाकतो. थाई मांगूर तर स्थानिक मासेच फस्त करतो आणि त्याच्या संवर्धनावर 2000 सालापासून देशात बंदी आहे.

बेशरम ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती असून ती कापून कधीच संपत नाही, कारण चिखलात पडलेला कांडीचा तुकडा पुन्हा मूळ धरतो. उन्हाळ्यात पाणी आटले की ती मुळासकट उपटून पाळीच्या बाहेर नेऊन वाळवावी लागते. गोंदिया-भंडाऱ्यात धीवर महिलांच्या गटांनी हे करून दाखवले आहे : बेशरम उपटली, आटलेला तळ नांगरला आणि पावसापूर्वी व पावसाच्या सुरुवातीला स्थानिक पाणवनस्पती लावल्या, ज्या जागांवर पुढे मरळीसारखे मासे आणि पक्षी दोन्ही आले. हे काम रोजगार हमीत बसवता येते का, ते ग्रामसेवकांकडे विचारावे आणि ग्रामसभेत तसा ठराव मांडावा. आपल्याकडून एक अपेक्षा करतो : हिवाळ्यात रात्री जाळे पाण्यात टाकून सोडू नये, कारण बुडी मारणारी लालसरी आणि वारकरी (चांदवा) हे पक्षी त्यात अडकून गुदमरतात.

प्रश्न : शाळेतील मुलांकडून तलावावरील पक्ष्यांची गणना करून घ्यायची आहे. पद्धत सांगावी.
— शिक्षक, लाखांदूर तालुका

उत्तर : आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत होते, तिच्याच दिवसांत आपली गणना ठेवावी. पाळीवर तीन-चार ठिकाणे कायमची ठरवावीत, सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने सकाळी उभे राहावे आणि एका गटाने पाण्याचा एकच भाग मोजावा, म्हणजे तोच थवा दोनदा मोजला जात नाही. मोठ्या थव्यात आधी दहा पक्षी मोजून ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत ठेवावे आणि त्या मापाने पुढचा थवा मोजत जावा. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव न लिहिता नुसते ‘बदक’ असे लिहावे. ज्या ठिकाणी एकही पक्षी दिसला नाही, तेथे शून्य लिहायला मुलांना अवश्य शिकवावे आणि पुढच्या जानेवारीत त्याच ठिकाणी, त्याच वेळी पुन्हा उभे राहावे.