रांगेत किती वेळ उभं राहायचं?

सहलीचं विचारा : वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

दिवाळीची सुटी तोंडावर आली की या सदराकडे थीम पार्कची पत्रं यायला लागतात, आणि त्यातली निम्मी रांगेवरची असतात. म्हणून या वेळी बाकीचं सगळं बाजूला ठेवून रांगच घेतली आहे. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी राइड ऑपरेटर होते. लॅप बार (मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा) ओढून बघायचा, अंगठा वर करायचा आणि गाडी सोडायची, यावर माझं घर चाललं. त्यामुळे रांग मी पुढच्या टोकाकडून पाहिलेली आहे.

प्रश्न : ताई, आम्ही सुटीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाणार आहोत. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा आणि बरोबर सासूबाई. आमचे हे म्हणतात, तिकिटाचे पैसे भरलेत तर एकूण एक राइड करायची. माझा जीव ६० मिनिटांची पाटी बघूनच दमतो. एका राइडसाठी किती वेळ थांबणं शहाणपणाचं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या ह्यांना आधी एक हिशोब दाखवा. पार्कमध्ये आठ तास मिळाले असं धरू. त्यातून जेवण, पाणी, बाथरूम, सासूबाईंचं टेकणं आणि मुलाचं रुसणं वजा केलं, तर साडेपाच तास उरतात. प्रत्येक राइडला तासभर रांग आणि पुढच्या राइडपर्यंत चालणं धरलं, तर दिवसभरात पाच राइडही धड होत नाहीत. वीस-वीस मिनिटांच्या रांगा निवडल्या तर दहा-अकरा होतात. पैसे कुठे वसूल झाले ते त्यांनीच सांगावं.

माझं मत विचाराल, तर सहा वर्षांचं मूल बरोबर असताना अर्ध्या तासाच्या वर उभं राहू नका. दिवसातून एकच रांग लांब असावी, आणि ती कोणती हे घरून निघतानाच ठरवा. तुमच्या लेकीची उंची भरत असेल तर ती बहुधा नायट्रो असेल. खाली पाय लोंबकळणारं ते मोठं रोलर कोस्टर. त्याला गेट उघडल्या उघडल्या जायचं. आत शिरल्यावर पहिल्या चौकात फोटो काढत बसणाऱ्यांची रांग अर्ध्या तासाने तिथेच लागते. धाकट्याची उंची मात्र पट्टीजवळ आधी मोजून घ्या. पाऊण तास उभं राहून पट्टीपाशी परत फिरवलेलं पोर आणि त्याच्या बापाचा चेहरा, हा प्रसंग आम्हाला रोजचा होता, आणि त्यात ऑपरेटरला शिव्या खाव्या लागतात ते वेगळंच.

आता पाटीबद्दल. पाटीवर विसंबू नका, स्वतः मोजा. नागमोडी रांगेत एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंतच्या पट्टीत किती माणसं आहेत ते मोजा आणि पट्ट्यांनी गुणा. समजा ३० माणसांच्या ८ पट्ट्या, म्हणजे तुमच्यापुढे २४० जण. मग गाडीत जागा किती आणि गाडी किती वेळाने सुटते ते बघा. २४ जागांची गाडी दर तीन मिनिटांनी सुटत असेल, तर तासाला ४८० माणसं जातात आणि तुमचा नंबर अर्ध्या तासात लागतो. तीच गाडी पाच मिनिटांनी सुटत असेल तर तासाला २८८, म्हणजे तेवढ्याच रांगेला पन्नास मिनिटं. रांग तीच दिसते, वेळ मात्र दीडपटीहून जास्त. जॉन लिटल या संशोधकाने १९६१ साली रांगेतली माणसं, त्यांचा सरकण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांच्या नात्याची रीतसर सिद्धता दिली, पण आमच्या प्लॅटफॉर्मवरच्या दहावी पास पोरांना ते बोटांवर येत असे.

गाडी उशिरा का सुटते, तेही ऐका. कोस्टरचा रूळ तुकड्यांत वाटलेला असतो आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, हा सुरक्षेचा नियम. शिवाय गर्दी कमी असेल तेव्हा रुळावर एकच गाडी ठेवतात, वाढली की दुसरी जोडतात. खरा वेळ मात्र प्लॅटफॉर्मवर जातो. गेट उघडलं की बॅग कुठे ठेवू, चप्पल काढायची का, चष्मा कुणाकडे देऊ, पप्पा तुम्ही माझ्याजवळ बसा, नाही मम्मीजवळ. चौघांच्या ओळीत तिघं बसतात आणि चौथी खुर्ची रिकामीच फिरून येते. सगळे लॅप बार तपासून दोघा-तिघांनी आपापली बटणं दाबून धरली, तरच गाडी हलते. एकाने ‘माझा मोबाइल खिशात राहिला’ म्हणून हात वर केला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. रांगेतच खिसे रिकामे करा आणि कोण कुणाशेजारी बसणार ते ठरवून या. आपल्या दहा सेकंदांनी मागच्या दोनशे जणांचं भलं होतं.

इमॅजिकातल्या आय फॉर इंडियासारख्या, मोठ्या पडद्यासमोर बसून बघायच्या राइडचा हिशोब वेगळा असतो. तिथे एक खेप आत घेतात, खेळ संपतो, मग दुसरी खेप. अशा ठिकाणी रांग बराच वेळ जागची हलत नाही आणि मग एकदम पुढे सरकते. त्यामुळे दारावरच्या मुलाला एकच विचारायचं, ‘दादा, पुढच्या खेपेत आमचा नंबर लागेल का?’ हो म्हणाला तर थांबा, तिसऱ्या खेपेत म्हणाला तर फिरून या. सासूबाईंना असली, बसून बघायची ठिकाणं मानवतील.

आणि जेवण पावणेबाराला उरका. एक वाजता सगळा महाराष्ट्र जेवायला बसतो, तेव्हा राइड मोकळ्या असतात. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तमच. डिसेंबर-जानेवारीत मात्र मधल्या वारी शाळांच्या सहली असतात हे विसरू नका. एका रंगाच्या टोप्या घातलेली दीडशे पोरं पुढे दिसली, की मी असते तर पार्कच्या दुसऱ्या टोकाला गेले असते.

प्रश्न : मुलाने मला आणि नातवाला एका पार्कमध्ये नेलं होतं. आम्ही साध्या रांगेत तिष्ठत असताना एक्स्प्रेस तिकीटवाले शेजारून सरळ पुढे जात होते. हा अन्याय नव्हे काय? शिवाय पाटीवर ४५ मिनिटं लिहिलेली असताना आमचा नंबर अर्ध्या तासात लागला. पाटीवर खोटं का लिहितात?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, पाटीचं आधी सांगते. ती बऱ्याच ठिकाणी मुद्दाम थोडी चढी ठेवतात. ४५ लिहून ३० मिनिटांत सोडलं तर माणूस खुशीत जातो, ३० लिहून ३५ लागली तर तक्रार करतो. गर्दी दुसरीकडे वळवायलाही तीच पाटी कामी येते. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कमध्ये रांगेच्या तोंडाशी मधूनच एखाद्याच्या हातात लाल कार्ड देतात आणि राइडजवळ ते परत घेतात. त्यावरून पाटीवरचा आकडा ठरवायला मदत होते. म्हणजे खरी वेळ पार्कला कळत असते, आपल्याला किती सांगायची ते तो ठरवतो.

आता एक्स्प्रेस. याची मोठी सुरुवात १९९९ साली अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या डिस्नेवर्ल्डमध्ये फास्टपासने झाली, आणि तेव्हा तो फुकट होता. कागदाची चिठ्ठी घ्यायची, तिच्यावरच्या वेळेला यायचं, आणि छोट्या रांगेतून आत जायचं. ऐकायला छान आहे. पण खुर्च्या वाढल्या का? नाही. जिथे दोन रांगा एकत्र होतात, तिथल्या कर्मचाऱ्याला चिठ्ठीवाले जास्त आणि साधे कमी, या प्रमाणात सोडावं लागतं. म्हणजे चिठ्ठीवाल्याची वाचलेली मिनिटं साध्या रांगेतल्यांच्या खात्यातून गेली. २०२१ साली डिस्नेवर्ल्डने ते फुकटचं बंद करून पैशांचं चालू केलं आणि आता त्याला लाइटनिंग लेन म्हणतात. आपल्याकडची एक्स्प्रेस तिकिटं त्याच जातीची.

अन्याय म्हणाल तर पंढरपूरचं बघा. आषाढीला पदस्पर्श दर्शनाची बारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि वारकरी तासन्‌तास उभा असतो. तिथे मधे कुणी घुसवला तर माझंही रक्त तापतं, कारण ती रांग म्हणजेच भक्तीचा भाग आहे. पार्कची रांग हा धंदा आहे. तो धंदा उघडपणे, भाव लिहून चालला असेल तर मला त्यात पाप दिसत नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा एक्स्प्रेस इतक्या लोकांना विकतात की तीच रांग अर्धा तासाची होते. म्हणून माझं सांगणं असं, की तिकीट आत गेल्यावर विकत मिळत असेल तर घरून घेऊ नका. पहिला तास बघा. मधल्या वारी गेला असाल तर बहुतेक वेळा ते पैसे वाया जातात. आणि सगळ्यांसाठी कधीच नको. तुम्ही आणि नातू कोस्टरवर बसणार नसाल, तर त्या तिकिटावर तुम्ही काय करणार?

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते. जूनमध्ये साताऱ्याहून आईबाबा येणार आहेत, त्यांना आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन ऑरलँडोला जायचं आहे. आईचे गुडघे दुखतात. इथल्या ओळखीतले सांगतात, व्हीलचेअर घेतली की रांगेत उभं राहावं लागत नाही. खरं का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : ही अफवा फार जुनी आहे. डिस्नेवर्ल्डमध्ये बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल अशाच बांधल्या आहेत आणि खुर्चीवरचा माणूस इतरांबरोबरच रांगेतून जातो. तरीही खुर्ची भाड्याने घ्याच. रांगेत आई बसलेली राहील, आणि दोन राइडमधलं चालणं हेच गुडघ्यांना जास्त नडतं.

आईबाबांसाठी रांगेची लांबी बघू नका, जात बघा. हाँटेड मॅन्शन या भुताच्या वाड्यात पाळणे एकामागोमाग अखंड फिरत असतात, सहसा थांबत नाहीत, त्यामुळे बाहेर मोठी दिसणारी रांगही सरसर सरकते. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन आणि इट्स अ स्मॉल वर्ल्ड या होड्यांच्या राइडही भराभर माणसं नेतात. उलट पीटर पॅन्स फ्लाइट. दिसायला साधी, मुलांची राइड, पण उडती जहाजं छोटी, एकात दोन-तीन जण. तिथली रांग दिवसभर हटत नाही. ती सकाळी पहिल्या अर्ध्या तासात करा, नाहीतर सोडून द्या. मुलाला डंबोच्या हत्तीवर बसवायचं असेल तर एक गोष्ट सांगते, २०१२ साली तिथे रांगेच्या मधेच सावलीत खेळायची जागा केली. तेव्हा हातात पेजर द्यायचे, पोरं खेळत राहायची आणि पेजर वाजला की पुढे जायचं. थांबणं तेवढंच, पण रिकामा वेळ लांब वाटतो आणि हात-पाय चालू असले की तोच वेळ सरतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं आहे.

तुम्ही आणि नवरा मोठ्या राइडला जाणार असाल तर रायडर स्विच मागा. एकाने रांगेतून जायचं, दुसऱ्याने मुलाला घेऊन बाहेर थांबायचं. पहिला आला की दुसरा पुन्हा पूर्ण रांग न लावता लाइटनिंग लेनमधून जातो. ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कमध्ये याला चाइल्ड स्वॅप म्हणतात, फक्त तिथे सगळं कुटुंब रांगेतून राइडपर्यंत जातं आणि शेवटी एका खोलीत बसून पाळी बदलतं.

जूनमध्ये ऑरलँडोला दुपारी गडगडाट होतोच. वीज जवळ आली की बाहेरच्या राइड बंद करतात आणि सगळी माणसं छपराखालच्या रांगांत शिरतात. आभाळ काळं झालं की पाऊस यायच्या आधी आत जा. राइड बंद पडली असेल आणि रिकाम्या गाड्या फिरताना दिसल्या, तर जवळपास रेंगाळा, चाचणी चालू आहे, सुरू व्हायची वेळ आली आहे. कामगार चढावरच्या पायऱ्या चढून वर निघाले असतील, तर मात्र आईस्क्रीम खाऊन या.

नवीन राइडचं उद्घाटन गाठायचा मोह नको. युनिव्हर्सलचं, हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या हॅग्रिडचं मोटरबाइक कोस्टर १३ जून २०१९ ला उघडलं, तेव्हा रांग दहा तासांवर गेली होती. साताऱ्याहून आलेल्या माणसाला पहिल्यांदा दाखवायची अमेरिका ती नव्हे.

प्रश्न : आम्ही नऊ मित्र जातो. एकाला रांगेत उभं करतो, बाकीचे खाऊन येतो आणि त्याच्यापाशी जातो. मागचे भांडायला उठतात. आमचं काय चुकतं?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : चुकतं हे, की मागच्याने पुढची माणसं मोजून थांबायचं ठरवलेलं असतं. त्याने एक माणूस मोजला होता, तुम्ही नऊ निघालात. एखाद्याला बाथरूमला जायचं असेल तर मागच्या माणसाला सांगून जा, परत आल्यावर कुणी अडवत नाही. आठ जणांनी मात्र शेवटी उभं राहायचं आणि पुढे गेलेल्या मित्राने एक्झिटपाशी तुमच्या बॅगा सांभाळायच्या. घाईच असेल तर सिंगल रायडरची रांग आहे का विचारा. चौघांच्या ओळीतली ती रिकामी चौथी खुर्ची भरायला ऑपरेटरला एकटाच माणूस लागतो. नऊ जण नऊ वेगवेगळ्या गाड्यांतून जाल, ओरडताना एकमेकांचे चेहरे दिसणार नाहीत, पण नंबर लवकर लागेल.